मिरजेतील पहिले चार दिवस



गाण्याविषयी नावाजलेल्या शहरात नवखा प्रवासी उतरला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "येथे गाणे कोठे ऐकावयास मिळेल?" पुण्यास हा प्रश्न विचारला, तर सवाई गंधर्व महोत्सवाकडे बोट दाखविता येते, 1953 सालापासून त्याची परंपरा चालत आली आहे. व्हिएन्नासारख्या शहरी तेथील भव्य संगीतगृहे दाखविता येतात. परंतु आमच्या सांगली जिल्ह्यातील मिरज शहरी हाच प्रश्न विचारला, तर उत्तर एका वाक्यात मिळत नाही. मिरजेस गाणे आहे आणि ते उत्तम आहे. तथापि तेथे गाणे कानी पडण्यापूर्वी, गाणे ज्याच्या आधारावर उभे राहते ते वाद्य घडताना दृष्टीस पडते. त्या शहरी काढलेल्या माझ्या पहिल्या चार दिवसांची हकीकत, व तीवरून सुचलेले काही विचार, आज आपणापुढे ठेवावयाचे योजिले आहे.

मी राहणारा कडेगावचा. आमच्या गावाहून मिरज फार दूर नाही. सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास तेथे पोहोचतो. आमच्या बाजूच्या लोकांस मिरज ठाऊक आहे ती विशेषतः दोन कारणांनी : एक रेल्वेचे जंक्शन म्हणून, आणि दुसरे दवाखान्यांचे गाव म्हणून. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली तेथे मिशनचे इस्पितळ काढले. तेव्हापासून "मिरजेला नेले" या दोन शब्दांचा आमच्याकडे एकच अर्थ झाला, तो हा की, दुखणे साधे नाही. मीही शाळेच्या नोकरीत असताना अनेक वेळा मिरजेस गेलो, तो कोणाच्या तरी उशाशी बसण्याकरिता, नाहीतर गाडी बदलण्याकरिता. गाण्याकरिता म्हणून गेलो, तो सेवानिवृत्तीनंतर. आणि त्या अर्थाने मी तेथे अगदी नवखा होतो.

जाण्यास निमित्त घडले ते असे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्वजण आक्का म्हणत असू, तिचा एक तानपुरा आमच्या माडीवर खुंटीस टांगलेला होता. आक्का निवर्तली, तारा गंजून तुटल्या, भोपळ्यास चीर गेली, आणि वाद्याची केवळ वस्तू होऊन राहिली. माझी नात पुण्यास गाणे शिकते. सुट्टीत घरी आली असता ती त्या तानपुऱ्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, तानपुरा तर आता फोनातच वाजतो. मग हा ठेवायचा कशाला?" तिच्या विचारण्यात उपमर्द नव्हता, शुद्ध जिज्ञासा होती. शिक्षकाने अशा प्रश्नास वरवरचे उत्तर देऊ नये. मी म्हणालो, "मिरजेस जाऊन येतो, मग सांगतो."

पहिला दिवस प्रवासाचा व वाद्याच्या बिऱ्हाडाची सोय लावण्याचा. किर्लोस्करवाडीस गाडीत बसलो. तानपुऱ्यास जुन्या गोधडीचे वेष्टण होते. परंतु त्याचा आकार लपण्याजोगा नसतो. डब्यातील एका शेतकरी गृहस्थाने आपले पाय आवरून जागा करून दिली व विचारले, "गुरुजी, मिरजेला दुरुस्तीला का?" पुढे भिलवडी व नांद्रे गेली आणि सांगलीस गर्दी चढली, तेव्हा दुसऱ्या एकाने तोच प्रश्न केला. वाद्य घेऊन निघालेला मनुष्य मिरजेसच जात असणार, असे आजूबाजूच्या मुलखाने गृहीत धरलेले आहे. शहराची कीर्ती मोजण्याचे याहून चांगले माप मजजवळ नाही.

जुन्या वस्तीत सतारमेकरांची गल्ली आहे. या कारागिरांचे मूळ आडनाव शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी यांस धार देणे व शस्त्रे नीट राखणे हा त्यांचा पिढीजात धंदा. मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे ठिकाण. तेथे या कसबास काम भरपूर. पुढे इंग्रजी अंमलात शस्त्रांचे दिवस संपले आणि हातातील कौशल्य रिकामे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या घराण्यांतील कसबी माणसे तंतुवाद्यांकडे वळली. या संदर्भात फरीदसाहेब या मूळ पुरुषाचे नाव मिरजेत आजही आदराने घेतात. ज्या हातांनी पात्यास धार लावली, त्याच हातांनी पुढे तारेस आस दिली. असे स्थित्यंतर जगाच्या इतिहासात फार ठिकाणी आढळणार नाही.

मी गेलो ते दुकान म्हणजे घराची पुढची पडवीच होती. आढ्यास सुकलेले भोपळे टांगलेले, भिंतीस अर्धवट झालेल्या दांड्या टेकलेल्या, खाली लाकडाचा भुसा. वृद्ध कारागिरांनी तानपुरा मांडीवर घेतला. प्रथम तो डोळ्याशी धरून दांडीच्या रेषेत पाहिले, मग भोपळ्यावर बोटांनी टिचक्या मारल्या. मी विचारले, "चाचा, होईल का नीट?" ते म्हणाले, "गुरुजी, भोपळ्याला चीर आहे, घोडी खाल्लेली आहे. पण दांडी सरळ आहे. दांडी सरळ असली म्हणजे बाकीचं आमच्याकडे लागलं. चार दिवस राहा. उरूस आहे, गाणं ऐका."

भोपळ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तानपुऱ्याचा भोपळा म्हणजे आपल्या भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू जातीचा असतो व मुद्दाम मोठा वाढवितात. भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, त्याचे पीक घेतात. वेल सुकून भोपळा पुरता पक्व झाल्यावर तो काढावयाचा, कित्येक महिने वाळवावयाचा, मग पाण्यात भिजवून कापावयाचा व आतील गर खरवडून काढावयाचा. दांडी व तबली यांस तुणाचे लाकूड घेतात. ते हलके असून नादास अनुकूल असते. वरून लाखेचा हात देतात. घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाचीही करीत. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा 1972 साली झाला व ती वाट मिटत गेली. आता हाड, शिसवी लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. हे सर्व पाहताना सायंकाळ कधी झाली ते कळले नाही.

दुसऱ्या दिवशी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. तेथील उरुसात गलेफ अर्पण करण्याचा पहिला मान चर्मकार समाजाचा आहे, हे नवख्या प्रवाशाने अवश्य लक्षात ठेवावे. आम्हां कडेगावकरांस याचे नवल वाटत नाही. आमच्या गावी मोहरमात कळकाचे गगनचुंबी ताबूत निघतात. त्यांचे मान हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांच्या घराण्यांकडे आहेत, आणि ते उचलण्यास सर्व जातींचे खांदे लागतात. जे आपल्या गावी नित्याचे म्हणून नजरेआड होते, ते परगावी पाहिले म्हणजे त्याची किंमत नव्याने कळते.

याच दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराणा गावी 1872 साली जन्मलेला हा थोर गवई अखेर मिरजेचा झाला. प्लेगच्या दुखण्यात ते या दर्ग्यात येऊन गायिले व बरे झाले, अशी आख्यायिका येथे सांगतात. आख्यायिका बाजूस ठेवली, तरी त्यांची या स्थानावरील निष्ठा इतिहासात नमूद आहे. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे त्यांचे शिष्य. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वतीबाई राणे ही त्यांची अपत्ये. त्यांपैकी हिराबाईंचा जन्म मिरजेसच 1905 साली झाला. सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी, म्हणजे पुण्याच्या ज्या महोत्सवाचा मी आरंभी उल्लेख केला, त्याचे धागे मागे नेत गेल्यास ते या कबरीपाशी येऊन पोहोचतात. खाँसाहेब 1937 सालच्या ऑक्टोबरच्या 27 तारखेस दक्षिणेत प्रवास करीत असताना, सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा रेल्वे स्थानकावर वारले. त्यांचे दफन मात्र मिरजेत झाले.

त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाण्याच्या बैठकी होतात. येथे 'कार्यक्रम' हा शब्द शोभत नाही; गवई येथे 'हजेरी' लावतो. तिकीट नाही, राखीव खुर्च्या नाहीत. नामांकित गायक आणि अजून आवाज न ठरलेला विद्यार्थी एकाच जागी बसून सेवा करतात. त्या रात्री मी मागील बाजूस, एका खांद्यावर उपरणे घेतलेल्या वृद्धाशेजारी बसलो. एका तरुण गायिकेने तानपुरे मिळविण्यास आरंभ केला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. तरी तारा लागत होत्या. अन्यत्र अशा वेळी श्रोते गप्पा मारतात, चहास उठतात. येथे कोणी हलले नाही. चौथी तार खर्जात बरोबर बसली, तेव्हा शेजारच्या वृद्धाने डोळे मिटून हलकेच मान डोलविली. गाण्याचा एक शब्दही अद्याप उच्चारला गेला नव्हता. माझ्या मनात आले, या शहराच्या कीर्तीचे मर्म या मान डोलविण्यात आहे. गवई बाहेरून आणता येतो; तार लागली हे ओळखणारा श्रोता मात्र गावातच पिढ्यानपिढ्या घडावा लागतो.

तिसरा दिवस मी गावात हिंडण्यात घालविला. मिरजेच्या संगीताचा इतिहास आठवीत चालावे, तर पावलोपावली कोणी ना कोणी भेटतो. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे शिकवीत असत. कुरुंदवाडच्या एका बालकाचे डोळे शोभेच्या दारूने अधू झाले आणि त्यास उपचारासाठी मिरजेस आणले. दृष्टी पूर्ववत् झाली नाही. परंतु त्या मुलास बाळकृष्णबुवांच्या हाती सोपविण्यात आले. तोच पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर झाला. मिरज त्यांनी 1896 साली सोडली, 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, घरंदाज मुलामुलींस गाणे शिकण्याची वाट मोकळी केली, आणि 1931 साली देह ठेविला तो मिरजेसच. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन हे जन्माने मिरजेचे. धारवाडकडील मल्लिकार्जुन मन्सूर ग्वाल्हेरची तालीम घेण्यास नीलकंठबुवांकडे राहिले, तेही मिरजेत. डोळे बरे करण्यास आलेला मुलगा सूर घेऊन परत जातो, ही या शहराची रीत दिसते. दवाखान्यांचे गाव आणि गाण्याचे गाव ही दोन नावे आपण वेगळी समजतो. विष्णु दिगंबरांच्या चरित्रात ती एका ठिकाणी आली आहेत.

चौथ्या दिवशी तानपुऱ्याचे काम उरकत आले होते. चीर भरून निघाली होती, नवी घोडी बसली होती, नव्या तारा चढल्या होत्या. राहिले होते ते जवारीचे काम. आणि तेच सर्वांत अवघड. सारंगीची किंवा व्हायोलिनची कल्पना मनात धरून तानपुऱ्याच्या घोडीकडे पाहू नये. या घोडीची पाठ रुंद असून किंचित वक्र असते. तार तिच्यावरून सरळ उडी घेत नाही. ती पाठीस हलकेच घासत जाते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवितात. तो केसाएवढा मागे-पुढे झाला, तर तारेचा आवाज एकदम मुका होतो, किंवा एकदम फुलतो. चाचा कानस घेऊन घोडीवर दोन हात फिरवीत, तार छेडीत, ऐकीत, आणि पुन्हा कानस घेत. हे काम त्यांनी दोन तास केले. कोणतेही मोजमापाचे यंत्र जवळ नव्हते.

थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 सालच्या सुमारास या गोष्टीवर निबंध लिहिला होता. सामान्य नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची गाठ पडते, तो उपस्वर ऐकू येऊ नये. तानपुरा व वीणा या नियमास जुमानीत नाहीत. तो उपस्वरही त्यांतून स्पष्ट ऐकू येतो, असे रामन यांनी दाखविले. कारण हीच वक्र घोडी. आपल्या गवयांस हे अनुभवाने ठाऊक होतेच. तानपुऱ्यास तारा चार : पहिली पंचमाची, मधली जोडी षड्जाची, चौथी खर्जाची. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमात मिळवितात. गंधाराची तार त्यात कोठेच नाही. तरीही जवारी उत्तम लागली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो; त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. चाचांनी चौथी तार छेडून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आला का, गुरुजी?" तो आला होता. आक्काच्या तानपुऱ्यातून मी तो पुष्कळ वर्षांनी ऐकीत होतो. मला काही क्षण बोलता आले नाही, व त्यांनीही बोलावयास लावले नाही.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले. फोनातील तानपुऱ्यास मी तुच्छ लेखीत नाही. प्रवासात, वसतिगृहात, शेजाऱ्यांची झोप न मोडता पहाटे रियाज करावयाचा असल्यास तो मोठाच सोयीचा आहे. परंतु तो सूर तयार करून देतो. खरा तानपुरा सूर मिळवावयास लावतो. तार उतरली हे ओळखणे, ती चढविणे, थांबणे, पुन्हा ऐकणे, या पाच-दहा मिनिटांत विद्यार्थ्याच्या कानाची जी शाळा होते, ती अन्य कोठे होत नाही. आमच्या कडेगावच्या ताबुतांविषयी म्हणतात, की तेथे आधी कळस व मग पाया. गाण्यात ही रीत चालत नाही. तेथे पाया आधीच घालावा लागतो, आणि तो पाया तानपुरा होय.

आता हकीकत बाजूस ठेवून एक काळजी आपल्या कानी घालतो. इटलीमध्ये क्रेमोना नावाचे एक लहान शहर आहे. व्हायोलिनच्या बाबतीत ते त्यांची मिरजच. आंतोनिओ स्त्रादिवारी हा तेथील सर्वश्रेष्ठ कारागीर 1737 साली वारला. पुढील दोन पिढ्यांत त्या गावाची ती अनुपम कला मंदावत जाऊन तुटली. वाद्ये राहिली, कोट्यवधींना विकली जाऊ लागली. पण ती घडविणाऱ्या हातांची परंपरा खंडित झाली. अखेर 1938 साली तेथे व्हायोलिन घडविण्याची शाळा काढून तो धागा पुन्हा जोडावा लागला, आणि 2012 साली त्या कसबास युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तुटलेला धागा जोडता येतो खरा. पण मध्ये पिढ्या वाया जातात, आणि ज्या युक्त्या केवळ हातास ठाऊक असतात, त्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत.

मिरजेचा धागा अद्याप तुटलेला नाही. तेथील सतार व तानपुरा यांस 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हा रास्त गौरव झाला. तथापि सनदेने दुकान चालत नाही. चाचांच्या पडवीत त्या चार दिवसांत मी त्यांच्या घरातील तरुण मुलगा पाहिला. हात कसबी होता, कान तयार होता. त्यास विचारले, "हेच काम करणार ना?" त्याने वडीलधाऱ्यांकडे पाहून हळूच उत्तर दिले, "काम आलं तर करणार, गुरुजी." या उत्तरात तक्रार नव्हती. त्यात एक अट होती, आणि ती अट पुरी करणे त्याच्या हाती नसून आपल्या हाती आहे.

म्हणून शहरात राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस माझी विनंती अशी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजीचा, मावशीचा, आत्याचा तानपुरा कपाटावर किंवा कोपऱ्यात उभा असेल. प्रथम त्याच्या दांडीकडे पाहा. ती सरळ असेल, तर तो मेलेला नाही. त्यास कारागिराकडे न्या. शक्य तर टपालाने अथवा गाडीने न धाडता स्वतः घेऊन जा, आणि काम होईतो दोन-चार दिवस मिरजेस राहा. मुलांस सोबत न्या. भोपळा कसा कापतात, जवारी कशी लागते, हे त्यांस पाहू द्या. उरुसाचे दिवस असतील, तर दर्ग्यात रात्रीच्या बैठकीस बसा. नवरात्र असेल, तर अंबाबाईच्या देवळातील संगीतोत्सवास जा. आणि तानपुरे मिळविले जात असताना उठू नका.

नवखा प्रवासी मिरजेत शिरताना विचारतो, "गाणे कोठे ऐकावयास मिळेल?" चार दिवसांनी परतताना त्याच्या मुखी दुसरा प्रश्न असावा : "माझ्या घरी सूर कोठे आहे?" ज्या घरात संध्याकाळी पाच मिनिटे का होईना, कोणी तानपुऱ्याच्या तारा मिळवीत बसते, त्या घराने मिरजेच्या त्या तरुणाची अट आपल्या वाट्यापुरती पुरी केली, असे मी समजेन.